काउंटर आणि कात्री



आकाशवाणीनं बोलावलं की माझ्यासारख्यानं कवितेवर बोलावं अशी अपेक्षा असते. आज मात्र मी सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या एका जुन्या भांडणाविषयी बोलणार आहे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कॉम्प्युटर मला येतो तो पतसंस्थेत कारकुनी केली तेवढाच. तरी हे धाडस करतोय, कारण कॉम्प्युटर पाहण्याच्या कितीतरी आधी हे भांडण मी आमच्या घरात पाहिलं आहे.

2023 सालची 31 मार्चची रात्र. रमजान सुरू होता. तरावीहची नमाज आटोपून घरी आलो, तोच पुण्याहून थोरल्या मुलीचा फोन आला. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर आहे. गोदामातला माल किती आला, किती गेला, कुठल्या मांडणीवर ठेवला, याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. मुलगी चिडलेली होती. म्हणाली, ‘‘अब्बा, आम्ही जे बनवलेलंच नाही ते आमच्या सेल्सवाल्यानं आज विकलं. वर जूनअखेरची तारीखही देऊन आला!’’

मी म्हणालो, ‘‘म्हणजे आपल्या दुकानासारखंच झालं की!’’

ती हसली नाही.

आता दुकानाची गोष्ट सांगतो. बार्शीला आमचं शिवणकामाचं दुकान होतं. अब्बा आत कापड बेतायचे आणि कापायचे. दोन कारागीर मशीनवर असायचे. धाकटे चाचा बाहेर काउंटरवर. चाचा म्हणजे बोलका माणूस. रस्त्यानं जाणाऱ्याला नावानं हाक मारून आत बसवणार, चहा पाजणार, मुलाबाळांची चौकशी करणार आणि बोलता बोलता माप घेणार. अब्बा अबोल. त्यांना ‘नाही’ म्हणता यायचं, पण गिऱ्हाईक आणता यायचं नाही. चाचांना गिऱ्हाईक आणता यायचं, पण ‘नाही’ म्हणता यायचं नाही. दुकान दोघांवर चालायचं आणि भांडणंही दोघांची.

1980 सालची रमजान ईद ऐन ऑगस्टच्या मध्यावर आली होती. इकडे ईदचे कपडे, तिकडे पंधरा ऑगस्टसाठी शाळेचे गणवेश. चाचा प्रत्येकाला सांगत होते, ‘‘चाँदरातीला घेऊन जा.’’ आमच्या गल्लीत विड्या वळून घर चालवणाऱ्या एक विधवा बाई होत्या. त्यांनी दोन मुलांच्या शर्टांचं कापड आणून दिलं आणि शिलाईचे पैसे आगाऊ मोजले. चाँदरातीला त्या आल्या, तेव्हा त्यांचं कापड आत खुंटीला तसंच लटकत होतं. त्याला कात्रीसुद्धा लागली नव्हती.

चाचा मागच्या दारानं निघून गेले. बाईंसमोर उभे राहिले ते अब्बा. रात्रभर मशीन चालवून पहाटेपर्यंत त्यांनी एक शर्ट पुरा केला. दुसरा झाला नाही. धाकटा मुलगा जुन्याच शर्टात ईदगाहवर आला. तो माझ्या वर्गात होता. मी बारा वर्षांचा होतो आणि माझ्या अंगावर नवा सदरा होता. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा राहू शकलो नाही.

मग दुकानात काय झालं, ते मी शेवटी सांगतो. आधी मुलीच्या कंपनीकडे येऊ.

सॉफ्टवेअरचे ढोबळमानानं दोन धंदे असतात. एक शिंप्याचा. गिऱ्हाईक येतं, माप देतं आणि त्याच्यापुरतं शिवून घेतं. आपल्याकडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्या या सेवेच्या कामावर वाढल्या. दुसरा धंदा रेडीमेडचा. एकच शर्ट बनवायचा आणि तो शेकडो गिऱ्हाइकांना विकायचा. यालाच प्रॉडक्ट म्हणतात. रेडीमेडमध्ये एका गिऱ्हाइकासाठी कॉलर बदलली की ती सगळ्यांचीच बदलते. नाहीतर त्या एकट्यासाठी वेगळा शर्ट कायमचा सांभाळत बसावं लागतं. 2017 साली 1 जुलैपासून जीएसटी लागू झाला, तेव्हा हिशेबाच्या सगळ्याच सॉफ्टवेअरना बदलावं लागलं. तो बदल सगळ्यांच्याच गरजेचा होता, म्हणून करायचा की नाही हा प्रश्नच आला नाही. भांडण होतं ते एकट्या गिऱ्हाइकाच्या कॉलरवरून.

सॉफ्टवेअरमध्ये काय घालायचं, काय नाही घालायचं आणि आधी काय करायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर. तो स्वतः शिवत नाही. शिवणारे इंजिनीअर वेगळे. त्याचं काम बेतण्याचं. सेल्सचा माणूस काउंटरवरचा. मौज अशी की दोघांचा मालक एक, माल एक, गिऱ्हाईकही एक. पण दोघांच्या हातातली घड्याळं वेगवेगळी. सेल्सवाल्याचं घड्याळ तीन महिन्यांचं. तिमाही संपायच्या आत आकडा गाठायचा. त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्या आकड्यावर अवलंबून असतो. प्रॉडक्टवाल्याचं घड्याळ वर्षा-दोन वर्षांचं. त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळतो, पण आज घातलेलं ठिगळ पुढं त्यालाच उसवावं लागतं.

म्हणून मी मुलीला विचारलं, ‘‘त्या मुलानं हे का केलं, ते तू त्याला विचारलंस का?’’ ती गप्प झाली. पुढं तिला कळलं, ते असं. त्या तिमाहीत त्याचे दोन सौदे हातातून गेले होते. 31 मार्चला ही एक सही झाली नसती, तर वर्षभराच्या कमिशनवर पाणी पडलं असतं. त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे. तो खोटारडा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं, की आपले लोक हुशार आहेत, तीन महिन्यांत करतील. आमच्या चाचांनाही तसंच वाटायचं. आपल्या भावाच्या हातावर त्यांचा फार विश्वास होता.

पण हे घड्याळ फार जोरात पळवलं, की मोठमोठ्यांचीही फसगत होते. डेटाबेस बनवणारी अमेरिकेतली ओरॅकल कंपनी 1980 च्या दशकात विलक्षण वेगानं वाढली. विक्रीवर जोर एवढा, की पुढं यायचे पैसे आधीच मिळाल्यासारखे धरले जाऊ लागले. 1990 साली ते अंगाशी आलं. कंपनीला तोटा दाखवावा लागला, शेअर कोसळला, माणसांना घरी पाठवावं लागलं. तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकानं 1993 साली कंपनीला दंडही केला. कंपनी पुढं सावरली आणि खूप मोठी झाली. पण आज विकण्यासाठी उद्याची उचल करणं किती महागात पडतं, हे त्या धंद्यातले लोक अजून त्या वर्षाकडे बोट दाखवून सांगतात.

आता माझीच एक जखम सांगतो. 1991 पासून मी एका पतसंस्थेत कारकून होतो. 1998 साली संस्थेत कॉम्प्युटर आले. सॉफ्टवेअर विकायला एक तरुण आला होता, टाय लावलेला, गोड बोलणारा. आम्ही विचारलं, ‘‘हे मराठीत आहे का?’’ तो म्हणाला, ‘‘पुढच्या व्हर्जनमध्ये सगळं मराठीत येतंय. दिवाळीपर्यंत.’’ आमच्या खातेदारांत भाजी विकणाऱ्या बायका, हमाल, रिक्षावाले. तोवर त्यांची पासबुकं आम्ही हातानं मराठीत लिहीत होतो. वार्षिक सभेत एका मावशींनी विचारलं, तेव्हा मी उठून सांगितलं, ‘‘दिवाळीपर्यंत मराठी येतंय.’’ शब्द त्या तरुणाचा होता, पण सभेत तो माझ्या तोंडून गेला.

दिवाळी आली. पुढची आली. तिसरीही आली. फोन केला की पलीकडून उत्तर यायचं, ‘‘सगळं सॉफ्टवेअर मराठीत करणं फार मोठं काम आहे, साहेब.’’ तो टायवाला तरुण तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. मावशी इंग्रजीत छापलेलं पासबुक घेऊन माझ्या टेबलाशी यायच्या. मी वाचून दाखवायचो. त्या मान हलवायच्या. एकदा म्हणाल्या, ‘‘भाऊ, आधी माझं मी वाचत होते.’’ साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं शिकलेली बाई. तिचं वाचणं आम्ही कॉम्प्युटर आणून काढून घेतलं. पुढं त्यांनी खातं बंद केलं. त्या कंपनीवर मी कितीतरी वर्षं राग धरून होतो. मराठीची यांना किंमत नाही, असं मी म्हणायचो आणि टाळ्याही मिळवायचो.

तो राग निम्मा चुकीचा होता, हे मला 2023 मध्ये मुलीमुळं कळलं.

त्या 31 मार्चला सेल्सवाल्यानं नेमकं काय कबूल केलं होतं, ते आता सांगतो. भिवंडीला मोठमोठी गोदामं आहेत. तिथल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं सांगितलं होतं, ‘‘सगळं सॉफ्टवेअर हिंदीत आणि मराठीत करून देतो, जूनअखेर.’’ मुलगी म्हणत होती, अशक्य. शेकडो पडदे, अहवाल, बिलं, सूचना. शिवाय पुढचा प्रत्येक बदल तीन भाषांत करायचा. एप्रिलभर भांडण चाललं. तो म्हणायचा, तुम्हाला गिऱ्हाइकाची कदर नाही. ही म्हणायची, तुला कामाची कल्पना नाही. माझी मुलगी, माझ्याच भाषेला ‘नाही’ म्हणत होती! मला आधी रागच आला. पासबुकाची गोष्ट मी तिला फोनवर पुन्हा एकदा ऐकवली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘अब्बा, तुम्हाला नेमकं काय मराठीत हवं होतं?’’

मी म्हणालो, ‘‘सगळं.’’

ती म्हणाली, ‘‘सगळं कशाला? तुम्हाला तर इंग्रजी येत होतं. मावशींच्या हातात काय जात होतं?’’

मी मनात मोजलं. मावशींच्या हातात फक्त पासबुक जात होतं. त्यावर तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक असे पाच शब्द आणि तपशिलात फिरून फिरून येणारे आणखी दहा-बारा. त्या काळी मराठी फाँटची कटकट होती हे खरं. पण पुण्यातच सी-डॅकसारख्या संस्थेनं भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणायची सोय आधीच केलेली होती. पंधरा-वीस शब्दांसाठी तीन दिवाळ्या लागल्या नसत्या. पण मी मागताना ‘सगळं मराठीत’ असं मागितलं. विकणाऱ्यानं ‘सगळं’ म्हणून होकार दिला. बनवणाऱ्यानं ‘सगळं’ म्हणून नकार दिला. आमच्या खिडकीशी येऊन अर्धा तास कुणीच बसलं नाही. बसलं असतं, तर मावशी पासबुक धरून उभ्या असलेल्या दिसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मुलीनं त्या सेल्सवाल्या मुलाला म्हटलं, ‘‘चल, भिवंडीला जाऊ. दोघंही.’’

दिवसभर ती दोघं गोदामात उभी होती. कॉम्प्युटरवर बसणारी मुलं बी.कॉम. झालेली होती, त्यांना इंग्रजी पडद्यांची काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती मांडण्यांमध्ये फिरून माल काढणाऱ्या हमालांची. त्यांच्या हातात कॉम्प्युटरमधून छापलेली चिठ्ठी जात होती. बारीक इंग्रजी अक्षरं, लांबलचक नावं. ते एकमेकांना विचारून माल काढायचे. चुकीचा खोका ट्रकमध्ये चढला, की ओरडा त्यांनाच बसायचा. गिऱ्हाइकानं ‘सगळं हिंदी-मराठीत’ मागितलं होतं, ते या एका चिठ्ठीसाठी.

ती चिठ्ठी बदलायला तीन आठवडे लागले. मांडणीचा क्रमांक मोठ्या आकड्यात, मालाचं नाव देवनागरीत, किती खोके काढायचे ते चौकटीत. जूनच्या आधीच काम झालं. आणि पुढं कंपनीच्या इतर गिऱ्हाइकांनीही तीच चिठ्ठी मागून घेतली. म्हणजे एकाची कॉलर नव्हतीच ती. सगळ्यांच्याच गरजेची होती. सेल्सवाल्याच्या ‘हो’मध्ये काहीतरी खरं होतं आणि मुलीच्या ‘नाही’मध्येही होतं. दोघांना ते जुळवता आलं ते भिवंडीत, पुण्याच्या ऑफिसात नाही.

हा मार्ग काही नवा नाही. प्रॉडक्ट मॅनेजर या पदाचं मूळ शोधत गेलं, की लोक 1931 सालच्या एका टिपणापाशी पोचतात. अमेरिकेत साबण बनवणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल नावाची कंपनी आहे. तिथं नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाची जाहिरात पाहत होता. त्यानं वरिष्ठांना तीन पानांचं टिपण लिहिलं, की एका साबणाची सगळी जबाबदारी एकेका माणसाकडे असावी. हाच माणूस पुढं अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. त्या टिपणात या पदाचं काम काय म्हणून सांगितलं आहे? कुठल्या भागात माल किती गेला ते बघा. जिथं कमी गेला तिथं स्वतः जा, दुकानदारांना भेटा, वापरणाऱ्यांना भेटा. म्हणजे या पदाचा जन्मच मुळी काउंटरवर पाठवण्यासाठी झाला!

त्याच कंपनीत काम केलेल्या स्कॉट कुक यांनी 1983 साली दुसऱ्या एकासोबत इंट्युइट ही हिशेबाच्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली. तिथं एक प्रघात पडला. दुकानातून सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याला विचारायचं, ‘‘तुमच्या घरी येऊ का? तुम्ही हे कसं वापरता ते नुसतं बघतो.’’ घरखर्चासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर कितीतरी लोक छोट्या धंद्याच्या हिशेबाला वापरतात, हे त्यांना गिऱ्हाइकाकडे बघूनच उमगलं. मग 1992 साली त्यांनी छोट्या धंद्यांसाठी वेगळं सॉफ्टवेअर बाजारात आणलं.

आता एक गोष्ट बदलली आहे, आणि ती चांगली आहे. पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. एकदा पैसे घेतले की विकणारा मोकळा. आता बरंचसं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून वर्षाच्या वर्गणीनं मिळतं. खोटा वायदा करून विकलं, तर वर्षानं तेच गिऱ्हाईक समोर उभं राहतं आणि वर्गणी भरायची की नाही, ते ठरवतं. तीन महिन्यांचं घड्याळ त्यामुळं थोडं का होईना, मंद चालतं. पतसंस्थेच्या काळात हे असतं, तर दुसऱ्या दिवाळीलाच आम्ही त्यांना रामराम केला असता.

मुलीच्या कंपनीत आता काही रिवाज पडले आहेत. गिऱ्हाइकाला दाखवताना जे आज चालतं तेवढंच दाखवायचं. पुढं काय येणार, हे सांगायचं तर ‘सध्या करतोय’, ‘त्यानंतर करणार’ आणि ‘विचार आहे’ असे तीनच कप्पे; तारीख फक्त पहिल्या कप्प्याला. गिऱ्हाईक काय मागतं ते सेल्सनं लिहून आणायचंच, पण शेजारी आणखी एक रकाना भरायचा : कशासाठी? सौदा हातचा गेला, तर तो का गेला याचीही नोंद करायची आणि ती प्रॉडक्टवाल्यांनी वाचायची. आणि प्रत्येक प्रॉडक्ट मॅनेजरनं महिन्यातून एकदा सेल्सबरोबर गिऱ्हाइकाकडे जायचं.

याचा अर्थ सगळं गोडीगुलाबीनं चालतं असा नाही. त्याच वर्षी पुढं एका मोठ्या गिऱ्हाइकानं फक्त स्वतःच्या सोयीची, भलतीच गुंतागुंतीची दर काढायची पद्धत मागितली. मुलीनं नाही म्हटलं. सौदा गेला. तो सेल्सवाला मुलगा आठवडाभर तिच्याशी नीट बोलला नाही. त्याचं नुकसान खरं होतं, तिचा पगार मात्र ठरल्या तारखेला झाला. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘तुझ्या ‘नाही’ची किंमत दर वेळी दुसरा कुणीतरी भरतो, हे विसरू नकोस. ‘नाही’ सांगायचं झालं, तर ते लवकर सांग. त्याची तिमाही सरायच्या आत.’’ आता ती तसं करते, असं तो मुलगाच मला सांगत होता. ईदला तो आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आला होता.

आता आमच्या दुकानाचं काय झालं ते सांगतो. त्या ईदनंतर अब्बांनी चाचांना दुकानातून काढलं नाही, की त्यांच्यावर ओरडलेही नाहीत. त्यांनी मापाची वही आतून उचलली आणि काउंटरवर आणून ठेवली. चाचांनी तारीख लिहायची, पण आत जाऊन खुंटीवर किती कापडं आहेत ते मोजून. आणि वहीत तारखेपुढं दोघांच्या सह्या. बाजाराच्या दिवशी अब्बा स्वतः काउंटरवर बसू लागले आणि चाचा आत काज-बटणं करू लागले. एक कॉलर नीट बसवायला किती वेळ जातो, हे चाचांना त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. आणि ‘नाही’ म्हटल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा उतरतो, तो समोरच्या शिंप्याच्या पायऱ्या कसा चढतो, हे अब्बांना.

त्या विड्या वळणाऱ्या बाईंच्या धाकट्या मुलाचा शर्ट ईदच्या तिसऱ्या दिवशी तयार झाला. चाचांनी तो स्वतः शिवला, आयुष्यातला पहिला. एक बाही थोडी आखूड झाली होती. ते स्वतः तो शर्ट घेऊन त्यांच्या घरी गेले आणि मला बरोबर नेलं. दारात उभं राहून काय बोलायचं हे त्या बोलक्या माणसाला सुचेना. मुलानं शर्ट घातला, बाही वर दुमडली आणि मला म्हणाला, ‘‘चल खेळायला.’’

ती वही माझ्याकडे आहे. अलीकडे मुलगी आली होती, तेव्हा तिनं ती मागून घेतली. पुण्याला ऑफिसात नेली आहे. सेल्सच्या खोलीत ठेवलीय, असं म्हणते.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)